‘खासगी’ आणि ‘गोपनीय’ : माहितीच्या अधिकारातील एका खंडाची पाठचिकित्सा

हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणाऱ्याला प्रक्षेपापेक्षा गाळीचा त्रास अधिक होतो. घातलेला शब्द आपल्या वेगळ्या वळणामुळे स्वतःच उघडा पडतो. गाळलेला शब्द मागे खूण ठेवीत नाही, आणि उरलेले वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असेल तर गाळ झाल्याची शंकाही वाचकाला येत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५, ह्याच्या कलम ८, पोटकलम (१) मधील खंड (ञ), म्हणजे इंग्रजी पाठातील ‘जे’ हा खंड, आज अशाच अवस्थेत आपल्यापुढे आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३, ह्याच्या कलम ४४(३) ने त्याचा जुना पाठ काढून नवा घातला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल अंमलात आला. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते बहुतेक राजकीय किंवा घटनात्मक स्वरूपाचे आहे. प्रस्तुत लेखात ह्या खंडाकडे एक भाषिक संहिता म्हणून पाहावयाचे आहे, आणि तिचा अर्थ एका गावाच्या दप्तरावर घासून पाहावयाचा आहे.

गाव म्हणून हरिहरेश्वर घेतले आहे. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातले, सावित्रीच्या मुखाजवळचे हे क्षेत्र यात्रेकरूंना काळभैरवामुळे आणि इतिहासाच्या अभ्यासकांना पेशव्यांचे कुलदैवत म्हणून परिचित आहे. येथे ते घेण्याचे कारण निराळे आहे. जमीन, आपत्ती आणि किनाऱ्यावरील पहारा ह्या तिन्ही विषयांची सरकारी कागदपत्रे ह्या परिसरात तयार झाली आहेत, आणि तिन्हींत व्यक्तींची नावे आहेत.

प्रथम पाठ पाहू. मूळ इंग्रजी आहे. पुढील मराठी रूप माझे. २००५ च्या पाठाप्रमाणे जी माहिती वैयक्तिक आहे आणि जिच्या प्रकटनाचा कोणत्याही सार्वजनिक कार्याशी वा हिताशी संबंध नाही, किंवा जिच्या प्रकटनामुळे व्यक्तीच्या खासगी जीवनावर अवाजवी आक्रमण होईल, ती देण्याचे बंधन नव्हते. मात्र व्यापक सार्वजनिक हितासाठी ती देणे समर्थनीय आहे अशी माहिती अधिकाऱ्याची वा अपिली अधिकाऱ्याची खात्री झाल्यास ती द्यावयाची होती. ह्याला एक परंतुक जोडलेले होते: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारली जाणार नाही. दुसरा पाठ २०१८ चा, न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण ह्यांच्या समितीने केलेल्या मसुद्यातला. तो कधी कायदा झाला नाही, तरी पाठचिकित्सेत त्याचे स्थान मोठे आहे. ज्या वैयक्तिक माहितीमुळे संबंधित व्यक्तीची हानी होण्याचा संभव आहे, आणि ती हानी माहिती मिळण्यातील सार्वजनिक हिताहून वजनाने भारी ठरते, तीच माहिती ह्या मसुद्याप्रमाणे रोखता आली असती. आणि हे वजन करताना पारदर्शकता व उत्तरदायित्व ह्यांचे भान ठेवावे, असेही त्यात म्हटले होते. तिसरा पाठ २०२३ चा: वैयक्तिक माहितीशी संबंधित अशी माहिती. इंग्रजीत अवघे सहा शब्द. वाक्य येथेच संपते.

व्याकरणाच्या विद्यार्थ्याला ह्यात काय घडले ते चटकन दिसेल. जुन्या पाठात ‘माहिती’ ह्या नामाला निर्बंधक संबंधी उपवाक्ये जोडलेली होती. मराठीत ‘जी’ आली की कान ‘ती’ची वाट पाहतो; ह्या ‘जी’ आणि ‘ती’ यांच्यामधल्या जागेतच कायद्याचा सगळा विचार साठवलेला होता. कोणती माहिती? जिचा सार्वजनिक कार्याशी संबंध नाही ती. कोणते आक्रमण? जे अवाजवी आहे ते. म्हणजे काही आक्रमण वाजवीही असू शकते, ही कबुली त्या एका विशेषणात होती. नव्या पाठात विशेष्य उरले आणि विशेषणे गेली. शिवाय ‘संबंधित’ हा शब्द स्वभावतःच पसरणारा आहे. सरकारी दप्तरातील असा कोणता कागद आहे की ज्याचा संबंध कोणा ना कोणा व्यक्तीशी पोहोचत नाही? २०२३ च्या अधिनियमातील वैयक्तिक विदेची व्याख्याही अशीच रुंद आहे: जिच्यामुळे किंवा जिच्या संदर्भात व्यक्ती ओळखता येते अशी कोणतीही विदा. विदेचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांवर अंकुश ठेवण्यासाठी व्याख्या रुंद असणे योग्यच आहे. तीच रुंदी सरकारच्या हातातील ढालीला दिली की तिचे काम उलटे होते.

सरकारपक्षाचे उत्तर असे आहे की, कलम ८(२) कायम आहे. प्रकटनातील सार्वजनिक हित हे संरक्षित हिताच्या हानीहून अधिक असेल तर माहिती देता येते, मग बिघडले काय? हे उत्तर टाकाऊ नाही, म्हणून त्याची भाषा बारकाईने पाहिली पाहिजे. जुन्या खंडात वजन करण्याच्या क्रियेचा कर्ता माहिती अधिकारी होता. तालुक्याच्या कचेरीत अर्ज घेणाऱ्या माणसालाच तो प्रश्न स्वतःला विचारावा लागे. ८(२) चा कर्ता ‘सार्वजनिक प्राधिकरण’ आहे, आणि तेथील क्रियापद ‘देऊ शकेल’ असे आहे. शक्यार्थी क्रियापद बंधन घालीत नाही. जुन्या परंतुकातील ‘नाकारली जाणार नाही’ हे निश्चयार्थी रूप होते, तेही गेले. कर्ता वर सरकला आणि क्रियापद सैल झाले. ज्यांनी सरकारी पत्रव्यवहार वाचला आहे त्यांना ह्या दोन बदलांचा एकत्र परिणाम सांगावयास नको.

ह्या गाळीला मराठीत विरोध कमी का झाला, ह्याचे एक कारण मला आपल्या शब्दसंग्रहात दिसते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात जो मूलभूत अधिकार मान्य केला, त्याला आपली वृत्तपत्रे कधी ‘खासगीपणाचा’ आणि कधी ‘गोपनीयतेचा’ अधिकार म्हणतात. दोन्ही शब्द जणू एकाच अर्थाचे! वस्तुतः दोघांची कुळे निराळी आहेत. ‘खासगी’ हा अरबी ‘खास’वरून फारसीतून आलेला शब्द. मराठेशाहीत ‘खासगी’ म्हणजे धन्याच्या घरचा कारभार, दौलतीच्या हिशेबाहून वेगळा ठेवलेला. होळकरांकडे खासगी आणि दौलत ह्यांचे हिशेब स्वतंत्र असत, आणि अहिल्याबाईंचा दानधर्म खासगीतून होई. म्हणजे मराठीत ‘खासगी’ असणे हे आरंभी राजाचे वैशिष्ट्य होते. रयतेला खासगी नव्हती. तो शब्द कालांतराने रयतेपर्यंत उतरला, ही भाषेतील एक लोकशाहीच म्हणावयाची.

‘गोपनीय’चा प्रवास उलट दिशेचा आहे. ‘गुप्’ म्हणजे राखणे, आणि त्यावरून लपविणे; ‘-अनीय’ हा प्रत्यय कर्तव्य सुचवितो. जे राखले पाहिजे, जे लपविले पाहिजे, ते गोपनीय. हे कर्तव्य कोणाचे? ज्याच्या ताब्यात कागद आहे त्याचे. म्हणूनच हा शब्द कचेरीच्या लिफाफ्यावर शोभतो, आणि मंत्री पदाबरोबर गोपनीयतेची शपथ घेतात ती ह्याच अर्थाने. नागरिकाचा हक्क आणि कचेरीचे मौन ह्यांना एकच नाव दिले की नागरिकाच्या नावाने कचेरीने मौन धरणे स्वाभाविक वाटू लागते. नवा खंड (ञ) नेमके हेच करतो. शब्दांच्या गोंधळातून कायदा जन्मला असे मला म्हणावयाचे नाही. कायदा दिल्लीत इंग्रजीत लिहिला गेला. मराठी वाचकाला त्यातील गाळ जाणवली नाही ह्याला मात्र हा गोंधळ काही अंशी कारण आहे.

आता गावाकडे वळू. हरिहरेश्वर १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते. नंतर ते कुलाबा जिल्ह्यात आले, आणि १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले. राज्यकर्ते बदलले तरी जमिनीची नोंद ही गावासमोर व्हावयाची गोष्ट आहे ही समजूत टिकली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, ह्यातील कलम १५० ती शब्दबद्ध करते: तलाठ्याने फेरफाराची नोंद घेतली की तिची संपूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावावी आणि हितसंबंधितांना लेखी कळवावे. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. कलमाचा आशय तोच आहे. गाव नमुना सात आणि बारा मिळून होणारा सातबारा पाहिला तर त्यात भोगवटादारांची नावे असतात, क्षेत्र असते, पिके असतात, आणि ‘इतर हक्क’ ह्या सदरात सोसायटीचा वा बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, कित्येकदा बहिणींचीही नावे असतात. घराण्याचे कर्ज आणि घराण्यातील वाटण्या ह्यांहून अधिक ‘वैयक्तिक’ काय असावयाचे? तरीही हा कागद उघडा असावा ह्याविषयी कोकणात कोणी शंका घेत नाही, कारण तो झाकला तर मुंबईस असलेल्या चाकरमान्याचे नाव केव्हा गळले हे त्याला कळणारच नाही.

चावडीचा उघडेपणा आणि आजच्या पडद्यावरचा उघडेपणा ह्यांत एक भेद आहे, व तो चर्चेत फारसा आलेला नाही. चावडीत नोंद वाचणारा माणूस स्वतःही दिसत असे. अमक्याने तमक्याचा फेरफार दोनदा येऊन वाचला, ही बातमी संध्याकाळपर्यंत वाडीवाडीत पोहोचे. पाहणे ही दोन्ही बाजूंनी उघडी क्रिया होती. ‘महाभूलेख’ संकेतस्थळावर मात्र राज्यातील कोणत्याही गावचा सातबारा कोठूनही पाहता येतो, आणि तो कोणी पाहिला हे मालकाला कळत नाही. किनाऱ्यावर जमिनीला भाव आलेल्या तालुक्यात ह्याचा अर्थ काय होतो हे सांगण्याची गरज नाही: कोणत्या वाडीला बारा वारस आहेत, त्यांपैकी कोणावर बोजा आहे, कोणाची नोंद अजून आजोबांच्या नावावर आहे, हे दलालाला घरबसल्या कळते, वारसांना दलाल कळत नाही. मराठीत ह्या दोन उघडेपणांना दोन शब्द आहेत. एक ‘चावडीवर वाचणे’, दुसरा ‘चव्हाट्यावर आणणे’. चार वाटा मिळतात तो चव्हाटा. तेथे गावाबाहेरचाही येऊन उभा राहतो, आणि म्हणून ह्या वाक्प्रचारात अब्रू जाण्याचा अर्थ आहे. (दक्षिण कोकणात चव्हाटा हे देवाचेही स्थान आहे, ही गोष्ट वेगळी.) माहिती तीच असते, वाचणारा गावाला दिसतो की नाही, ह्यावर ती चावडीवर आहे की चव्हाट्यावर हे ठरते.

ह्यावर उपाय माहिती झाकण्याचा नाही, हे नॉर्वेच्या उदाहरणावरून समजते. त्या देशात प्रत्येकाच्या करनिर्धारणाच्या याद्या फार जुन्या काळापासून सार्वजनिक आहेत. महाजालावर त्या आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे उत्पन्न चाळण्याचा खेळच सुरू झाला. २०१४ पासून तेथे एवढाच बदल केला गेला की, ज्याची माहिती पाहिली त्याला पाहणाऱ्याचे नाव कळावे. याद्या उघड्याच राहिल्या; निव्वळ कुतूहलाने शोधणाऱ्यांची संख्या मात्र फार घटली. ही चावडीच झाली, नॉर्वेजियन लोकांना तो शब्द ठाऊक नसला तरी. सातबाऱ्याच्या बाबतीत असा उपाय योजणे तंत्रदृष्ट्या अवघड नसावे. असो.

दुसरे दप्तर आपत्तीचे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन तालुक्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नुकसानीचे पंचनामे झाले. ह्या शब्दाकडेही थोडे लक्ष द्यावे: पंचांवाचून पंचनामा नाही. कोणाच्या वाडीत किती पोफळी होत्या आणि किती पडल्या हे सरकारला ठाऊक नसते, शेजाऱ्याला ठाऊक असते. म्हणून त्याच्या देखत मोजावयाचे. माहितीचा अधिकार अधिनियमाचे कलम ४(१)(ख) हेच तत्त्व पुढे नेते व अनुदान योजनांतील लाभार्थींचा तपशील कचेरीने न मागता प्रसिद्ध करावा असे सांगते. एखाद्या वाडीवाल्याला वाटले की आपली झाडे कमी मोजली आणि दुसऱ्याची जास्त, तर ती यादी हाच त्याचा एकमेव आधार आहे. आता कलम ८ ची सुरुवात पाहावी: ‘ह्या अधिनियमात काहीही अंतर्भूत असले तरी’. ह्या उपोद्घातामुळे कलम ८ मधील अपवाद कलम ४ वरही मात करतात. जुन्या पाठात ह्याची भीती नव्हती, कारण सरकारी मदतीचा सार्वजनिक कार्याशी संबंध उघड आहे. नव्या पाठात नाव आणि रक्कम ही ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित’ आहेत, आणि तेवढे म्हणून थांबता येते.

ह्याच याद्यांना दुसरी बाजू आहे, आणि माहितीच्या अधिकाराचे समर्थक ती नेहमी सांगत नाहीत. २०१७ मध्ये आधार प्राधिकरणानेच मान्य केले की, सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थींच्या याद्या नाव, पत्ता व आधार क्रमांकांसह झळकत होत्या. हे पारदर्शकतेचे फळ म्हणता येणार नाही. हा केवळ निष्काळजीपणा होता. पडलेल्या पोफळींची संख्या गावाला हवी आहे. बँकेच्या खात्याचा क्रमांक कोणालाच नको आहे, चोराखेरीज. अधिनियमातील कलम १० अशा वेळी कागदाचा एक भाग झाकून उरलेला देण्याची सोय करते. २०१८ च्या मसुद्यातील ‘हानी’ हा शब्द येथे किती उपयोगी पडला असता! हानी कोणती, कोणाची, किती, हे विचारल्यावाचून त्या मसुद्याप्रमाणे माहिती रोखताच आली नसती.

तिसरे दप्तर पहाऱ्याचे. हरिहरेश्वरच्या उत्तरेस, ह्याच तालुक्यात, शेखाडी आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये तेथे स्फोटके उतरविली गेली, आणि १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत स्फोट झाले. किनाऱ्याची राखण ज्यांच्याकडे होती त्या कस्टम्स व पोलीस खात्यांतील काही जण पुढे टाडा न्यायालयात दोषी ठरले. पहाऱ्याच्या योजना गोपनीय असाव्यात, हे ह्या किनाऱ्याला शिकवावे लागत नाही. त्यासाठी खंड (क) आहे आणि त्यावर माझी टीका नाही. परंतु पहारेकऱ्याची वर्तणूक, त्याच्यावरील चौकशी, त्याची मालमत्ता ही ‘वैयक्तिक’ मानावयाची काय? गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी ह्याचे उत्तर बव्हंशी होकारार्थी दिले. अकोल्यात काम केलेल्या एका अधिकाऱ्याला दिलेले ज्ञापन, दंड, त्याची मालमत्ता ह्यांविषयी ती मागणी होती. नोकरीतील कामगिरी हा नोकर व मालक ह्यांच्यामधला मामला आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. तेव्हा मालक कोण, हा प्रश्न विचारावयास हवा होता. तरी त्या निर्णयातही व्यापक सार्वजनिक हिताचे दार लोटलेले होते, बंद केलेले नव्हते, कारण दार खंडाच्या वाक्यातच होते.

ह्याच्या उलट सुरूपसिंग नाईक प्रकरण पाहावे. राज्याच्या ह्या तत्कालीन मंत्र्याला २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवमानाबद्दल एक महिन्याची कैद दिली. कैदेतील काही काळ जे. जे. रुग्णालयात गेला, आणि तेथील वैद्यकीय कागद माहितीच्या अधिकारात मागितले गेले. माणसाच्या आजारपणापेक्षा खासगी ते काय? परंतु मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले की, सरकारी रुग्णालयातील कैद्याचे असे कागद सामान्यतः द्यावेत, नाकारावयाचे तर कारणे लेखी नोंदवावीत. आणि ह्या विवेचनात विधानमंडळाविषयीच्या त्याच परंतुकाचा आधार होता, जे आज गळले आहे. ह्या दोन निर्णयांतून मला एक कसोटी दिसते. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याचा तिच्याशी संबंध असलेला कागद, तो शरीराविषयी असला तरी, खासगीच्या हद्दीबाहेर येऊ शकतो; ज्याच्या हातात सत्ता नाही त्याचा सरकारी दप्तरातला कागदही त्याच्या खासगीतच राहतो. ‘वैयक्तिक’ हे विशेषण माहितीला लावून हा भेद दाखविता येत नाही. तो माणसांमधल्या संबंधाचा भेद आहे.

माहिती मागणाऱ्यालाही खासगी असते, हे येथे नोंदविले पाहिजे. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी जमीन व्यवहारांतील गैरप्रकार ह्याच कायद्याने उजेडात आणीत होते. १३ जानेवारी २०१० रोजी त्यांचा खून झाला. अर्जावर अर्जदाराचे नाव व पत्ता असतो, आणि ज्याच्याविरुद्ध माहिती मागितली त्याच्यापर्यंत तो पोहोचणे तालुक्याच्या गावी कठीण नसते. २०२० मध्ये एका केंद्रीय मंत्रालयाने अर्जदाराचे तपशील संकेतस्थळावर टाकल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने त्याला २५,००० रुपये देण्याचा आदेश दिला. नागरिकाच्या खासगीपणाची खरोखर चिंता असलेल्या सुधारणेने आरंभ येथून केला असता. नव्या खंडाने अधिकाऱ्याच्या मालमत्तेवर पांघरूण घातले. अर्जदाराच्या पत्त्याचा त्यात उल्लेख नाही.

पाठचिकित्सकाला शेवटी आपला स्वीकृत पाठ सांगावा लागतो. माझा कल २०१८ च्या मसुद्याकडे आहे. त्याला २००५ चे परंतुक जोडावे, आणि मराठी भाषांतरात नागरिकासाठी ‘खासगी’ व कचेरीसाठी ‘गोपनीय’ हा भेद कसोशीने पाळावा. तोवर कायद्यातच एक पळवाट नागरिकाच्या बाजूने राहून गेली आहे, तिच्याकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या घटनेविषयीची माहिती द्यावीच लागते; ह्याला अपवाद खंड (क), (ग) आणि (झ) ह्यांचे आहेत, (ञ) चा नाही. संहितेची दुरुस्ती करणाऱ्यांच्या नजरेतून हे सुटले, की त्यांनी ते जाणून ठेवले, हे शब्दांवरून ठरविता येत नाही. शेखाडीच्या वेळच्या दप्तराची ही मुदत २०१३ मध्येच संपली. हरिहरेश्वरच्या वाड्यांतील पडलेल्या पोफळी कोणी कशा मोजल्या, हे खंड (ञ) च्या अडसराविना विचारावयाचे असेल, तर अर्ज जून २०४० मध्ये करावा लागेल.